फॉरवाल्या तामोरे बाई

माझ्या लिखाणात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. अक्षरही चांगलं नाही. ओळ सरळ सुरू होते आणि संपेपर्यंत खाली उतरलेली असते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा डोंगराच्या पलीकडे होती आणि घरात सांभाळायला धाकटी भावंडं होती. त्यानंतर वाचायची सवय राहिली, लिहायची राहिली नाही. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते. मला तशी सवयच आहे.

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. परवा डबा खाताना वनिताने विचारलं, ताई, तुमच्या त्या बाई दिसायला कशा होत्या. वनिता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. मी सांगायला गेले, उंच होत्या, काळ्या होत्या, आणि त्यापुढे मला जाता येईना.  म्हणून विसरायच्या आधी लिहून ठेवते.

तामोरे बाई मूळच्या समुद्राकाठच्या घिवली गावच्या, पण राहायच्या बोईसरला, आमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत. एका खासगी इंग्रजी शाळेत शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शाळेतून निघाल्या तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला. पेन्शन नव्हतं. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं," बाजारातून मीठ आणायचं राहून जावं तसं. आणि खरंच त्यांना त्याचं तेवढंच वाटत असावं.

त्या कायम दमलेल्या असायच्या. कामानंतर नव्हे, कामाच्या आधी. हंडा उचलायच्या आधी कट्ट्यावर बसून "दमले ग बाय" म्हणायच्या, मग उठून हंडा उचलायच्या. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, आधीच दमून घेतलं की नंतर दमायला नको. चहा करायच्या तो ग्लासात गार होईपर्यंत ठेवायच्या, वर साय धरली की ती बोटाने काढून खायच्या आणि मग खालचा चहा प्यायच्या. कोणी जायला उठलं की "ये" किंवा "बस अजून" असं काही नाही. "दार ओढून घे," एवढंच.

गच्चीवर कपड्यांच्या दोरीवर त्या बोंबील वाळत घालायच्या. वरच्या मजल्यावर जळगावकडचं कुटुंब होतं, त्यांना वास सहन होत नसे. दर वर्षी भांडण व्हायचं. बाई आवाज न चढवता म्हणायच्या, "तुमचे पापड वाळतात तेवा आमी काय बोलतो का?" पापडाला कुठे वास येतो, असं त्या काकू म्हणायच्या. "तेच तर," बाई म्हणायच्या आणि खाली उतरायच्या.

एरवी आमच्यासारख्याच बोलणाऱ्या या बाई फोनवर मात्र इंग्रजीत भांडायच्या. मोबाईलवाल्यांनी पैसे जास्त कापले की त्या दारात खुर्ची टाकून फोन लावायच्या. आम्ही भाजी निवडत ऐकायला बसायचो. एक अक्षर कळत नसे, पण ऐकायला छान वाटायचं. भांडण जिंकलं की त्या फोन पदराला पुसून ठेवायच्या.

चाळीतल्या आम्ही सहा-सात जणी एकाच कंपनीत पॅकिंगला होतो. औषधांची कंपनी, ठेकेदाराकडून काम. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची, खोक्यावर स्टिकर लावायचा, खोकी कार्टनमध्ये घालायची. स्टिकर दोन प्रकारचे यायचे. दुकानात जाणाऱ्या मालाला हिरवा, डॉक्टरांना फुकट वाटायच्या मालाला लाल. आम्ही रंग बघून लावायचो. अक्षरांकडे कोणी बघत नसे, आणि बघून उपयोगही नव्हता. एकदा छापणाऱ्याने दोन्ही प्रकारचे स्टिकर लाल रंगातच पाठवले. रोल हातात आला, लाल दिसला, पण पुढे माल दुकानाचा होता. सुपरवायझर म्हणाला, आज फक्त लालच आलाय, लावा. त्याला वाटलं आम्ही बघून घेऊ, आम्हाला वाटलं त्याने बघितलंय. दिवसभर दुकानाच्या मालावर नॉट फॉर सेल, म्हणजे विकायचं नाही, असं लिहिलेला स्टिकर लागला. सुटायच्या वेळी ते पकडलं गेलं. मग थांबून, ओल्या फडक्याने सगळे स्टिकर खरवडून काढले. बोटं सुजली. वर ठेकेदाराने प्रत्येकीची दोन दिवसांची हजेरी कापली.

दुसऱ्या दिवशी नळावर त्याचीच रड चालली होती. आमच्यातल्या शांतीच्या पदराला एक स्टिकर चिकटून राहिला होता. बाईंनी तो सोडवला, डोळ्यांजवळ नेला.

"नॉट तुमाला येतो," त्या म्हणाल्या. "सेल पण येतो, साडीच्या दुकानामुळे. मधला येत नाय."

संगीता म्हणाली की मधला केवढासा आहे, त्याने काय होतंय.

"त्यानेच झालं," बाई म्हणाल्या. "मोठे शब्द तुमाला सगळे येतात. कार्टन, बॅच, शिफ्ट, गेटपास, ओटी. दिवसभर इंग्रजीच बोलता तुमी. त्यांना जोडायचं काय, ते नाय येत." मग कट्ट्यावर बसल्या, दमून घेतलं, आणि म्हणाल्या, "शुक्रवारी या. फॉर शिकवते. तेवढाच."

शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते. आम्ही गेलो. तर बाईंनी आधी प्रत्येकीकडून पाचशे रुपये मागितले. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शांतीची जीभ कोणालाच ऐकत नाही. ती म्हणाली, एका शब्दाचे पाचशे, मग पूर्ण इंग्रजीचं काय, घर लिहून द्यायचं?

बाई म्हणाल्या, ही फी नाही, डिपॉझिट आहे, गॅसच्या सिलिंडरसारखं. फॉरच्या पाच तऱ्हा आहेत. एकेक तऱ्हा बाहेर जाऊन खऱ्या माणसापुढे बोलायची. अनोळखी माणूस पाहिजे, त्याला कळलं पाहिजे, आणि त्याने त्याप्रमाणे केलं पाहिजे. तसं करून येऊन सांगितलं की शंभर परत. पाच झाल्या की पाचशे परत. त्या सांगणारीच्या शब्दावर विश्वास ठेवणार, साक्षीदार लागणार नाही.

"मग तुमाला काय मिळतं?" शांतीने विचारलं.

"ज्या पळून जातात त्यांचं मिळतं. पळा."

कोणी पळालं नाही. पाचशे अडकले होते.

बाईंचं शिकवणं म्हणजे भांड्यांचं दुकान. मराठीत बघा, त्या म्हणायच्या, प्रत्येक कामाला वेगळं भांडं. कोणासाठी, त्याला एक. कशाला, त्याला एक. किती वेळ, तिथे तर आपण काही लावतसुद्धा नाही, दहा मिनिटं बसलो, झालं. केवढ्याला घेतलं, त्याला आणखी एक. आणि कोणाच्या बदली, कोणाच्या वतीने केलं, ते पाचवं. इंग्रज कंजूष. त्याच्या घरात एकच टोप. त्यातच भात, त्यातच डाळ, त्यातच आंघोळीचं पाणी. तुमी फक्त टोपात काय हाय ते वाकून बघायचं.

मग त्या आमच्याच वस्तू हातात घ्यायच्या. डबा उचलून, हा फॉर सुमन, म्हणजे मी. चादर दाखवून, ही फॉर झोप. घड्याळ, फॉर एक तास. दहाची नोट, कोथिंबीर फॉर दहा. पाचव्या तऱ्हेला त्या हातात काही घेत नसत. म्हणायच्या, याला वस्तू नाय. याला माणूस लागतो.

आम्ही आठवडाभर पहिल्या पाळीला पहाटे उठलेल्या असायचो. कोणीतरी भिंतीला टेकून झोपायचीच. बाई उठवत नसत. "झोपू दे. फॉर कुठे पळत नाय."

संगीता सगळ्यात धीट. ती दुसऱ्याच आठवड्यात शंभर मागायला आली. कंपनीच्या वॉचमनला म्हणाली होती, गेट ओपन फॉर फाइव्ह मिनिट्स. वॉचमन बिहारचा. तो म्हणाला, "का बोल रही हो भाभी, हिंदी में बोलिए ना." संगीताचं म्हणणं, वाक्य बरोबर होतं की नाही. बाईंनी विचारलं, गेट उघडलं का? नाही उघडलं. मग शंभर पण नाही. संगीता आठवडाभर बाईंशी बोलली नाही. मग स्टोअरच्या केरळच्या साहेबांकडे छत्री दिली आणि म्हणाली, प्लीज कीप फॉर मी. त्यांनी ठेवली, सुटताना परतही दिली. बाईंनी शंभराची नोट काढून दिली आणि छत्री बघायला मागितली. उघडून बघितली, मिटली, परत दिली. का, ते कोणाला कळलं नाही.

शांतीने मात्र एकदम तीन तऱ्हा सांगितल्या. म्हणे कंपनीत गोरा पाहुणा आला होता, त्याने विचारलं ही गोळी कसली, हिने सांगितलं, फॉर हेडेक. आणि पुढचं बरंच काही. आमच्यातल्या सगळ्यांना माहीत होतं की गोरा सोडा, त्या आठवड्यात ठेकेदारसुद्धा आला नव्हता. बाईंनी तीनशे मोजून दिले. शांती गेल्यावर आम्ही सांगितलं. बाई चहावरची साय काढत होत्या.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पण खोटं बोलायला पण तिला जुळवावं लागलं ना. तिन्ही बरोबर जुळवलंन."

बाईंच्या पद्धतीत एक चूक होती, ती त्यांच्या लक्षात आली होती की नाही मला माहीत नाही. जिला येऊ लागलं, तिचे पैसे परत मिळायचे. पैसे मिळाले की शुक्रवारी यायचं कारण उरत नसे. सुट्टीच्या दिवशी कपडे असतात, बाजार असतो, पोरं असतात. एकेक करून सगळ्या शिकल्या आणि गेल्या. जसजसं चांगलं शिकवलं तसतशी खोली रिकामी झाली. दिवाळीपर्यंत मी एकटीच राहिले, पुरे पाचशे अडकवून.

मला येत नव्हतं असं नाही. घरी भांडी घासताना मी पाचही तऱ्हा मनात म्हणायचे. पण बाहेरच्या माणसापुढे माझा आवाज आत जातो. दुकानात मी बोट दाखवून वस्तू घेते. लग्न झालं तेव्हा सासूबाईंना वर्षभर वाटत होतं की मी मुकी आहे आणि माहेरच्यांनी लपवलंय. मराठीत ही गत, तर इंग्रजीत काय.

बाई कधी रागावल्या नाहीत. मी गेले की विचारायच्या, "तुझं?" मी मान हलवायची. "बरं. चहा पी." मग मी त्यांचे तांदूळ निवडून द्यायची, त्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवायच्या. रूम फॉर रेंट. ओन्ली फॉर लेडीज. कधी दोघी गप्प बसायचो. दोघीही दमलेल्या, त्यामुळे बोलायची गरज पडत नसे. माझ्या आठवड्यात तेवढाच एक तास असा होता जिथे कोणाला माझ्याकडून काही नको होतं.

एकदा त्यांनी तांदळाच्या ताटावरून माझ्याकडे बघून विचारलं, "सुमे, तू मुद्दाम तर नाय ना गप बसत?"

मी नाही म्हटलं. ते खरं होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंच्या पायांना सूज आली. आधी संध्याकाळची, मग सकाळीसुद्धा. कट्ट्यापर्यंत येताना धाप लागायची. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, जिना नको, वजन उचलणं नको, एकटं राहणं नको. घिवलीहून त्यांचा भाचा बाळू टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतं. बोंबलाची दोरी त्यांनी वरच्या जळगावच्या काकूंना देऊन टाकली. काकू रडल्या.

मला वाटलं बाई माझे पैसे आता देतील. त्यांनी दिले नाहीत. बाळू गादी बांधत होता तेव्हा मला जवळ बोलावलं.

"तुझे पाचशे मी घेऊन चालले," त्या म्हणाल्या. "असेच द्यायचे असते तर पहिल्या दिवशीच घेतले नसते. पण सुमे, मला कोणाचं ठेवून मरायचं नाय. लवकर ये."

शांती म्हणाली, गेले तुझे पाचशे.  पैशाचं मला वाटत नव्हतं. बाई टेम्पोत पुढे बसल्या होत्या, मागे वळता येत नव्हतं म्हणून आरशात बघत होत्या.  मी बोलले नाही तर ही बाई माझ्यामुळे अडकून राहील, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर पावसाळा गेला. वनिता आमच्या लाइनला लागली ती तेव्हाच. विक्रमगडकडची, वीस-बावीस वर्षांची, बाळ तान्हं. तिची सासू दुपारी बाळाला घेऊन गेटबाहेरच्या झाडाखाली येऊन बसायची. वनिता जाऊन पाजून यायची. नियमात असं जाणं बसत नव्हतं, पण आमच्यात टेबल धरायची रीत आहे. एखादीला उठावं लागलं की शेजारची म्हणते, जा, तुझं टेबल धरते, आणि दोन्हीकडचं काम ओढते. माल थांबत नाही, म्हणून सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो.

क्वालिटीला नवे साहेब आले होते. दक्षिणेकडचे. हिंदी जवळजवळ नाही, मराठी तर नाहीच. ते एका दुपारी लाइनवरून फिरत आले आणि वनिताच्या रिकाम्या स्टुलापाशी थांबले. सुपरवायझर जेवायला गेला होता. साहेबांनी हातातल्या टॅबवर काहीतरी उघडलं. याआधी अशाच एकीची अर्धी हजेरी गेली होती आणि दुसऱ्यांदा झाल्यावर ठेकेदाराने तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. वनिताचं एकदा होऊन गेलेलं होतं.

साहेबांनी आमच्याकडे बघून काहीतरी विचारलं. सगळ्या खाली बघायला लागल्या. संगीता दुसऱ्या लाइनला होती, शांतीची पाळी वेगळी. माझे हात चालू होते, एक खोकं माझ्या टेबलावरचं, एक वनिताच्या.

"सर," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी कान पुढे केला. "आय ॲम वर्किंग फॉर हर."

त्यांनी दोन्ही टेबलं बघितली. दोन्हीकडे माल पुढे सरकत होता. मग विचारलं, "फॉर हाऊ लाँग?"

 टोपात काय आहे ते मला दिसलं. "फॉर टेन मिनिट्स, सर."

ते उभेच राहिले. मग टॅब बंद केला, "ओके" म्हणाले आणि पुढे गेले. वनिता परत आली तेव्हा मी एकाच खोक्यावर दुसऱ्यांदा स्टिकर लावत होते. तिने विचारलं, ताई, ताप आलाय का?

त्या शुक्रवारी मी घिवलीला गेले. बोईसरहून रिक्षा, पुढे चालत. बाई ओटीवरच्या खाटेवर होत्या. तोंड सुजलेलं, केस मोकळे. आधी मी त्यांचे केस कधी मोकळे पाहिले नव्हते. मला बघून त्यांनी नुसतं विचारलं, "तुझं?"

मी सगळं सांगितलं. साहेबांचे शब्द दोनदा सांगायला लावले. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. "पाचवी तऱ्हा पहिली केलीस," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "उलटी पोरगी हाय." मग बाळूच्या बायकोला, रेखाला, डबा आणायला सांगितला आणि दोनशे दिले. फक्त दोनशे. किती वेळ, आणि कोणाच्या बदली. बाकीचे तीन अजून आणायचे होते. त्यांना खाटेवर उठून बसवत नव्हतं, पण पद्धत म्हणजे पद्धत.

पुढे दोन वाक्यं, कोणासाठी आणि कशाला, मी दोन-तीन महिन्यांत आणली. एक तर अगदीच मोडकं होतं. दवाखान्यात परप्रांतातल्या नव्या डॉक्टरला गोळी दाखवून विचारलं, दिस फॉर व्हॉट. मला वाटलं बाई चूक काढतील. त्या म्हणाल्या, "सांगितलंन ना त्याने? मग झालं." दर वेळी त्या आधीपेक्षा थकलेल्या दिसायच्या. श्वास लागायचा, वाक्य दोन तुकड्यांत यायचं. रेखा मला बाजूला घेऊन म्हणाली, आते रात्रभर बसून काढतात, झोपता येत नाही त्यांना.

राहिली एकच तऱ्हा, केवढ्याला. ती मला मिळेना. बाजारात सगळे मराठी नाहीतर हिंदी बोलतात, कोथिंबिरीला इंग्रजी कोण लावतंय. आणि मी फार शोधतही नव्हते. शंभर रुपये त्यांच्याकडे होते तोवर मला जायला कारण होतं, त्यांना वाट बघायला कारण होतं. असं मी मनाशी म्हणायचे. पण एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "सुमे, पुरे कर आता. मला ओझं होतंय." तेव्हा मला माझी लाज वाटली.

मी धीर करून म्हटलं, बाई, थँक यू फॉर टीचिंग. शिकवलं त्याच्या बदल्यात थँक यू, म्हणजे तीच तऱ्हा झाली.

"मी अनोळखी हाय का?" त्या म्हणाल्या. "बाहेरचा माणूस पायजे." पण भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ वळल्या नाहीत.

रेखा पॉवर हाऊसच्या कॉलनीत घरकामाला जाते. तिथल्या एका मॅडमच्या यजमानांची बदली झाली होती आणि त्या सामान काढत होत्या. कपाट, फ्रिज, आणि त्यांच्या गेलेल्या सासूबाईंची चाकाची खुर्ची. आतेंना ती खुर्ची मिळाली तर ओटीवरून उठून अंगणात तरी येता येईल, असं रेखाला वाटत होतं. पण मॅडम तमिळ आणि इंग्रजीच बोलायच्या, रेखा इतके दिवस खुणांवर काम चालवत होती. व्यवहार खुणांवर कसा करायचा. "तुमी या ना ताई," ती म्हणाली, "तुमाला इंग्रजी येतं." असं कोणी माझ्याबद्दल बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आहे का.

मॅडमच्या दारात खोक्यांचा ढीग होता. खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर धूळ. मी चप्पल काढली, पदर सारखा केला आणि म्हटलं, "मॅडम, हाऊ मच फॉर दिस चेअर?"

त्यांनी विचारलं कोणाला पाहिजे. मी म्हटलं, "फॉर माय टीचर." त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पायांकडे, मग खुर्चीकडे. ओल्या फडक्याने ती स्वतः पुसली आणि ढकलत माझ्यापर्यंत आणली. पैसे नको म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा हात हलवला.

गाडी करायची म्हणजे पैसे, म्हणून आम्ही दोघींनी ती खुर्ची रस्त्याने ढकलत नेली. एक चाक कुरकुरत होतं. वाटेत प्रत्येक माणूस विचारायचा, कोण पडलं. अर्ध्या वाटेत रेखा म्हणाली, ताई, पाय भरून आलेत, मी बसू का थोडी? ती बसली, मी ढकललं. मग मी बसले, तिने ढकललं. खाडीवरचा वारा तोंडावर येत होता. आम्ही दोघी हसत होतो आणि तरी मला घर येऊ नये असं वाटत होतं.

बाळू समुद्रावर गेला होता. रेखाने आणि मी मिळून बाईंना खुर्चीत बसवलं, उशी पाठीला लावली, अंगणात आणलं. त्यांनी चाकांवर हात ठेवून बघितलं. मग विचारलं, "काय म्हणालीस?"

मी वाक्य सांगितलं.

"मग केवढ्याला दिलीन?"

मी सांगितलं, फुकट.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. बदल्यात काही दिलंच नाही, तर केवढ्याला कसं झालं, असं त्या बहुधा मनात तोलत होत्या. रेखाचा धीर सुटला. ती म्हणाली, आते, आता ते शंभर देऊन टाका, काय लावलंय. बाईंनी बोट वर करून तिला गप्प केलं. श्वास घेतला. दुसरा घेतला.

"हिने विचारलं," त्या सावकाश म्हणाल्या. "तिला कळलं. उत्तर दिलंन. आणि मी तर त्यात बसलीय." मग म्हणाल्या, "झालं. दे ग हिचे शंभर."

रेखाने डबा आणला. डब्यात काही नव्हतं. आठवड्यापूर्वी इंजेक्शनं आणली त्यात गेले होते, बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. बाई रिकाम्या डब्यात बघत राहिल्या. मी म्हटलं, बाई, राहू दे, मिळाले म्हणून समजा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला वनिताला सांगता आला नव्हता. सूज होती, ओठ निळसर, आणि डोळे एवढे थकलेले की त्यात राग मावत नव्हता, नुसती विनवणी होती.

"राहू देऊ नको, सुमे."

रेखा आत गेली. सकाळी तिने टोपलीभर मांदेली विकली होती, त्याचे पैसे कनवटीला होते. दहा-दहाच्या नोटा, ओल्या, मासळीचा वास असलेल्या. तिने त्या बाईंच्या हातात दिल्या, बाईंनी माझ्या. त्यांची बोटं गार होती. त्यानंतर चार दिवसांनी त्या गेल्या. माझं शेवटचं पाहणं हेच, अंगणात, खुर्चीत, उशीला टेकलेल्या.

मी नोटा तशाच मुठीत धरल्या. बाई म्हणाल्या, "मोज."

मी मोजल्या. पूर्ण होत्या.